सैल हाताचं मशीन

३ मार्च

ती. मामा,

हात कोपरापर्यंत गाडी घासायच्या कंपाउंडने माखलेत, त्यामुळे साष्टांग नमस्कार कागदावरच मानून घे. फोन करणार होते. पण फोनवर मी घसा फोडून ओरडते, तू "हं, हं" म्हणतोस आणि ठेवल्यावर मामीला विचारतोस की ही काय म्हणाली. जन्म कॉम्प्रेसरच्या शेजारी काढलास, आता कानांना दोष देऊन काय उपयोग! म्हणून पत्र.

वाईट बातमी आधी सांगून टाकते. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं बॉनेट मी जाळलं. आग नाही लागली, पण लागली असती तर एक वेळ परवडलं असतं, असं वाटण्याइतकी लाज वाटली. गडद निळी गाडी, ब्रशने धुऊन धुऊन अंगभर बारीक गोल ओरखडे पडलेले. तू दिलेलं मशीन घेऊन मी अगदी मन लावून रबिंग करत होते. बॉनेटचा पत्रा जिथे वळतो त्या कडेवर टेपसुद्धा लावली होती. पण मशीनने असा काही हिसका दिला की ते टेपवर चढलं आणि क्षणभर तिथेच रेंगाळलं. वास आला. उचलून बघते तर कडेचा रंग गायब, खालचं पांढुरकं प्रायमर माझ्याकडे टकामका बघतंय.

बॉनेट रंगवून दिलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "आता बॉनेट नवं दिसतंय आणि बाकीची गाडी त्याच्या आजीसारखी. बाकीचीही तुम्हीच करा. पण ते मशीन माझ्या गाडीजवळ आणायचं नाही." महिनाअखेरीला त्या गाडी परत आणणार आहेत.

आणि नेमकी तेव्हाच माझ्या जुन्या ऑफिसातल्या साहेबांना माझं उत्तर हवंय. माझी खुर्ची त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही. आई रोज जेवताना ती खुर्ची मला वाढते. मी ठरवलंय, ही गाडी नीट झाली तर माझ्या पॉलिशच्या दुकानाचं शटर उघडं राहील. नाही झाली तर मी निमूटपणे बिलं तपासायला जाईन. पण खरं सांगू का मामा, त्या दिवसापासून मशीन हातात घेतलं की बटण न दाबताच मी ते खाली ठेवते.

मला दुहेरी चालीचं पॉलिशर घ्यायचंय, ज्याला सगळे डीए म्हणतात. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि फिरता फिरता डोलतंही. एका जागी उष्णता साठत नाही, म्हणून कड जळत नाही म्हणे. पण बाजारात त्यांचा नुसता बाजार मांडलाय! कोणी आठ मिलिमीटर डोलतं, कोणी पंधरा, कोणी एकवीस, आणि एक तर गिअरवालं. कोणतं घेऊ? तू सांगितल्याशिवाय मी दुकानदाराला हो म्हणणार नाही.

तुझी,
ठमी


८ मार्च

चि. ठमे,

आशीर्वाद. चष्म्याची दांडी मोडलीय, म्हणून मी सांगतोय आणि तुझी मामी लिहितेय. अक्षर वळणदार दिसेल, दचकू नकोस.

कड जळली म्हणून रडत बसायचं कारण नाही. पॉलिशवाल्याने कड जाळणं म्हणजे न्हाव्याने पहिला कान कापण्यासारखं आहे. सगळ्यांचं होतं, सांगत कोणी नाही. पण खापर माझ्या मशीनवर फोडू नकोस. ते मशीन एकाच चालीने फिरतं, सरळ फिरतं, आणि त्याने मी आयुष्यभर गाड्या आरशासारख्या करून दिल्या. तुझ्या दुकानाच्या पहिल्या दिवशी मी ते माझ्या हाताने तुझ्या हातात दिलं. आता ते तुला जुनं वाटतं, जड वाटतं. वाटू दे. नवी माणसं, नवी मशीनं. आम्ही कोण सांगणार!

डोलणारं मशीन! पॉलिश करायचंय की पाळणा हलवायचाय?

तरी घ्यायचंच असेल तर एक लक्षात ठेव. मशीन कुठलंही असो, त्यावर भार टाकावा लागतो. मनगटातून नाही, खांद्यातून. अंग झोकून दे. घाबरून वरवर फिरवशील तर ओरखडा तुला हसेल.

(ठमे, हे कंसातलं माझं, मामीचं. ते तोंडाने सांगतात, मी काय लिहिते ते बघत नाहीत. रागाचं मनावर घेऊ नकोस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्यांच्या जुन्या गॅरेजमधून डोलणारं मशीन मागून आणलंय आणि दुपारभर ते आमच्या फ्रिजवर चालवतायत. माझ्या मावशीकडून आलेला तोच तो जुना लाल फ्रिज. मला आवाजाचा त्रास होतो, पण मी गप्प आहे. गेल्या वर्षीच्या लकव्याच्या झटक्यानंतर माणूस खिडकीजवळून उठत नव्हता. आता निदान फ्रिजपर्यंत आलाय.)

काय लिहितेयस एवढं, असं मी हिला विचारतोय. म्हणते, शुद्धलेखन तपासतेय. बरं. भार टाक. कळव.

तुझा,
मामा


१४ मार्च

ती. मामा, आणि कंसातल्या मामीलाही,

नमस्कार. आधी भांडण मिटवून टाकते. तुझं मशीन मी भंगारात काढलेलं नाही. ते कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, धुतलेल्या कापडात गुंडाळून ठेवलंय. मला ते जुनं वाटत नाही. मला त्याची भीती वाटते, आणि हे दोन वेगळे विषय आहेत.

हत्यारांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार सज्जन आहे. ग्राहकांनी मशीन चालवून बघावं म्हणून त्याने एक काळं बॉनेट स्टँडवर लावून ठेवलंय. आठचं मशीन फार गुणी. हातात अगदी मऊ चालतं, वळणावर अडत नाही, पण त्याच्या चालीने एक दरवाजा होईपर्यंत माणूस जेवून झोपून उठेल. एकवीसचं सपाट जागेवर झपाझप जातं, पण अंगाने एवढं मोठं की बॉनेटच्या टोकाच्या अरुंद वळणावर त्याचं काही चालेना. गिअरवालं कशालाच जुमानत नाही, दाबलं तरी फिरत राहतं. पण खाली ठेवल्यावर मला पेन धरता येईना. दुकानदाराकडे नाव लिहायचं होतं, ते त्यानेच लिहून घेतलं.

राहिलं पंधराचं. ते त्याने विश्वासावर माझ्या दुकानात नेऊ दिलं. भंगारातून एक गाडीचा दरवाजा आणला होता, तो टेबलावर आडवा टाकला, कडांना टेप लावली, नवं फोमचं पॅड बसवलं, आणि तू म्हणालास तसा खांद्यातून भार टाकला. अंग झोकून दिलं. मामा, काही झालं नाही. मशीन घोंघावतंय, माझे दात वाजतायत, घाम टपटप पडतोय आणि ओरखडे जिथल्या तिथे. आणखी भार टाकला. आणखी काही नाही. दिवसभर तेच केलं. पॅड बदललं, कंपाउंड बदललं, शेवटी तोंडही फिरवलं.

दुकानदार म्हणतो, मग गिअरवालं न्या. पण ते रोज चालवलं तर माझे हात भाजी चिरायच्याही कामाचे राहणार नाहीत.

म्हणजे एका मशीनने रंग जळतो, दुसऱ्याने हात जातात आणि तिसऱ्याने काहीच होत नाही. आईला सांगितलं, मी बहुतेक ऑफिसला परत जाईन. ती एवढी खूश झाली की मला तिचा राग आला, आणि मग मी खोलीत जाऊन रडले. साहेबांना अजून कळवलेलं नाही. तुझं पत्र येईपर्यंत थांबते.

चष्म्याची दांडी अजून झाली नाही का? मामीचं अक्षर सुंदर आहे, पण मला तुझं ते सुईने टोचल्यासारखं बारीक अक्षर हवंय.

तुझी,
ठमी


१८ मार्च

चि. ठमे,

आशीर्वाद. मी म्हणालो होतो की नाही? माझं म्हणणं खरं निघालं, आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं, मीही एक मशीन आणून बघितलं. पंधराचंच. फ्रिजच्या दारावर रोज घासतोय. डावा खांदा भरून आला एवढा भार टाकला. दारावर डोळ्यात भरेल असा काही फरक नाही. ते मशीन म्हणजे नुसती खुळखुळ आहे. ज्यांना ते विकायचंय त्यांनाच ते चालतं.

ऑफिसची खुर्ची वाईट नसते, पोरी. पाठीला टेका असतो, डोक्यावर पंखा असतो. तू प्रयत्न केलास. मला तुझा अभिमान आहे, तो तू खुर्चीत बसल्याने कमी होणार नाही. साहेबांना हो म्हण.

तुझा,
मामा

ठमे, थांब. साहेबांना काही कळवू नकोस. एवढं सांगून ते गच्चीत गेलेत. उगाच कंस कशाला काढू, आता सरळच लिहिते.

चष्म्याची दांडी शाबूत आहे. झटक्यानंतर त्यांच्या उजव्या हातात पकड आली नाही. चालतात, बोलतात, म्हणून सगळ्यांना वाटतं बरे झाले. पण पेन धरता येत नाही. चहाचा कप मी अर्धाच भरते, आणि तो अर्धा का हे आम्ही दोघंही बोलत नाही. तुला मशीन दिलं ते दुकानाच्या शकुनासाठी दिलं, हे खरंच आहे. पण ते हातातून निसटून त्यांच्या पायाशी पडलं होतं, हेही खरं आहे. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ती मी आज मोडतेय. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

आता मुद्द्याचं. काल भार टाकून टाकून डावा हात दुखायला लागला, तेव्हा चिडून त्यांनी मशीन उजव्या हातात घेतलं. त्या हाताने दाबणं शक्यच नाही. मशीन नुसतं दारावर टेकलं होतं आणि हात त्यावर ठेवलेला. मी म्हटलं, राहू द्या आता. तेही कंटाळले, मशीन ठेवलं आणि दाराकडे न बघताच निघून गेले. संध्याकाळी खिडकीतून ऊन फ्रिजवर आलं. ठमे, तेवढीच एक जागा अशी चमकत होती की मी तिच्यात बघून केस विंचरले. बाकी दार होतं तसंच.

त्यांना दाखवलं तर म्हणाले, "तूच कशाने तरी पुसलं असशील." उजव्या हाताने काही घडलं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण तू एकदा न दाबता करून बघ.

मामी


२२ मार्च

प्रिय मामी, आणि ती. मामा,

नमस्कार, नमस्कार, नमस्कार!

पत्र उभ्यानेच वाचलं आणि तशीच दुकानात पळाले. तोच भंगारातला दरवाजा, तेच मशीन, तेच पॅड. हात सैल सोडला. मशीन आपल्याच वजनाने टेकवलं आणि फक्त वाट दाखवली, अगदी सावकाश, आधी आडवं मग उभं. आवाजच बदलला. घोंघावणं गेलं आणि एकसारखी गुणगुण सुरू झाली. कापडाने पुसलं तर दरवाज्यात मला माझंच तोंड दिसलं, आणि ते उघडं होतं.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचा शिंपी कात्री घेऊन धावत आला. त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "छान. पण पुन्हा ओरडू नका, बाहीच्या जागी खिसा कापला असता."

मामा, मामीवर रागावू नकोस. हात असा होता तर मला का नाही सांगितलंस? मी तुझी भाची आहे, ग्राहक नाही. मला वाईट वाटलं, रागही आला. पण त्याहून जास्त हायसं वाटतंय, कारण जे तुझ्या दोन खांद्यांना आणि माझ्या दोन खांद्यांना मिळून जमलं नाही ते त्या एका हाताने करून दाखवलंय. आता तूच सांग, हे असं का झालं? आणि मग पंधराचंच घेऊ ना? डॉक्टरीणबाई येत्या आठवड्यात गाडी आणतायत. लवकर लिही. कोणाच्याही अक्षरात लिही.

तुझी,
ठमी


२६ मार्च

चि. ठमे,

आशीर्वाद. तुझ्या मामीशी मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने फ्रिजसमोर खुर्ची मांडली, मला बसवलं आणि मशीन माझ्या उजव्या हातात दिलं. म्हणाली, आता बघून करा. बघितलं. मग बोलणं भाग पडलं.

(बोलणं कसलं. आधी ते रडले, मग मीही. आता लिहू की नको, विचारलं, तर म्हणाले लिही.)

आता ऐक, का झालं ते. माझं जुनं मशीन पॅडला मानगूट धरून फिरवतं. कितीही दाबा, ते फिरणारच. म्हणून आम्हाला दाबायची सवय. डोलणाऱ्या मशीनमध्ये मोटर पॅडला फक्त डोलवते. स्वतःभोवती फिरणं हे पॅडचं आपखुशीचं काम. वरून दाबलं की ते फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी नुसतं थरथरतं. तू तुझ्या बळाने थांबवलंस, मी माझ्या. आणि वर म्हणालो, मशीनच खोटं! एवढी वर्षं या धंद्यात काढली आणि फ्रिजने शिकवलं.

एक युक्ती सापडलीय. पॅड ज्या चकतीवर बसतं तिच्या कडेला जाड मार्करने एक ठळक रेघ ओढ. मशीन चालू असताना रेघ गरगर फिरून पुसट दिसली तर काम होतंय. रेघ जागच्या जागी थरथरताना दिसली तर तू दाबतेयस, हात सैल सोड. वळणावरही रेघेकडे बघ, मशीन तिरकं झालं तरी फिरणं थांबतं.

पंधराचंच घे. पाच इंची चकतीचं. पण घेण्याआधी ते दुकानातच बराच वेळ चालवून खाली ठेव आणि मग हाताची मूठ मिट. तळहातात मुंग्या असतील तर कितीही चांगलं म्हणोत, परत दे. बटण अंगठ्याला हात न हलवता लागायला हवं. आणि वायर लांब हवी, नाहीतर जोडवायरचा सांधा गाडीवर आपटत राहतो आणि आपण एक ओरखडा काढताना दुसरा पाडतो. बाकी रंगीबेरंगी खोक्यावर काय छापलंय ते वाचायचं नाही.

ऑफिसबद्दल मी जे सांगितलं ते मागे घेतो. गाडी झाली की लगेच कळव. मला इकडे चैन पडणार नाही.

तुझा,
मामा


२ एप्रिल

ती. मामा आणि मामी,

झाली! गाडी झाली. आधी तेवढंच वाचून घ्या आणि एकमेकांना सांगा, मग पुढे वाचा.

डॉक्टरीणबाई गाडी सोडून गेल्या आणि मी मार्कर शोधला. चकतीवर लाल रेघ ओढली. पहिल्या दरवाज्यावर मशीन टेकवलं आणि माझा खांदा जुन्या सवयीने खाली गेला, तशी रेघ थांबली. मी स्वतःलाच मोठ्याने म्हटलं, "सैल." रेघ फिरली. मग मी त्या रेघेशिवाय कशाकडेच बघितलं नाही. दारं, छत, डिकी. शेवटी बॉनेटच्या शेजारची कड आली, त्या जळलेल्या कडेची जुळी बहीण, जिची मला स्वप्नं पडायची. टेप लावली, पॅड कडेपासून जरा आत ठेवलं. तिथे हात लावून बघितलं तर पत्रा जेमतेम कोमट. मामा, कोमट! मी तिथेच खाली बसले आणि पाणी प्याले.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पर्समधून त्यांची ती दात बघायची बारीक बॅटरी काढली आणि अख्ख्या गाडीला "आ कर" म्हटल्यासारखी तपासली. प्रत्येक दरवाजा, प्रत्येक कड. मी कापड घेऊन मागोमाग. शेवटी बॅटरी बंद करून म्हणाल्या, "एकही कीड नाही." मग त्यांनी विचारलं, त्यांच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांची गाडी कधी आणू. मी म्हटलं, कधीही आणा.

साहेबांना कळवून टाकलं, खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी द्या. त्या दुपारी जेवताना आईने मला खुर्ची वाढली नाही. संध्याकाळी ती दुकानात आली, गाडीच्या दारात वाकून बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामासारखा हात आहे तुझा." तिला माहीत नाही ती किती बरोबर बोलली.

आतापर्यंत विश्वासावर वापरलेलं ते पंधराचं मशीन उद्या विकत घ्यायला जातेय. मुठीची परीक्षा झाली, मुंग्या नाहीत. आणि आता एक विनंती. मला वळणं चांगली जमतात, पण छत आणि डिकीसारख्या मोठ्या सपाट जागांवर सावकाश, सैल, न दाबणारा हात लागतो. माझा खांदा अजून अधूनमधून विसरतो. असा हात माझ्या ओळखीत एकच आहे. झटक्यानंतर मामाचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना विचारून बघा, आठवड्यातून थोडा थोडा वेळ त्याने माझ्या दुकानात काम केलेलं चालेल का.

तुमची,
ठमी


७ एप्रिल

चि. ठमे

हे मी लिहितोय. मामी नाही. एवढं लिहायला सकाळ गेली. अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

बाई म्हणाल्या, थोडा थोडा वेळ चालेल. हाताला चांगलंच.

मशीन एक नको. दोन घे. रेघ मी ओढीन.

मामा